डिझेलची सवय पेट्रोलला लावू नका



लागण, खोडवा, खते, पाणी यांवरचे लेख या अंकात नेहमीप्रमाणे आहेतच. हा लेख उसावर नाही. ऊस पिकवताना आणि वाहून आणताना जे पेट्रोल-डिझेल आपण डब्यातून, कॅनमधून, प्रसंगी पाण्याच्या बाटलीतून गाडीवर घालून शेतावर नेतो, त्याविषयी हा लेख आहे. विषय किरकोळ वाटेल. आम्हालाही वाटत होता. गेल्या उन्हाळ्यात आपल्या कार्यक्षेत्रातील एका सभासदाचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले आणि आम्ही त्यांना भेटायला गेलो, तेव्हापासून वाटत नाही.

नाव छापायचे नाही या अटीवर त्यांनी हकिकत सांगितली. भरणीचे काम चालू होते. नवीन पॉवर वीडर घेतलेला. खाद्यतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन धुऊन त्यात पेट्रोल भरले, झाकण सैल बसते म्हणून खाली प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा लावला, कॅन मोटरसायकलच्या हँडलला अडकवला आणि शेतावर आले. असे किती जण करतात ते आपल्यालाही माहीत आहे. दुपारी यंत्र बंद पडले. तापलेले असतानाच टाकीचे झाकण काढून ते पेट्रोल ओतायला लागले. कॅन हातातून निसटला, दोन-अडीच लिटर पेट्रोल सरीत सांडले. विडी पेटलेली नव्हती, काडी ओढलेली नव्हती. मात्र सरीच्या खालच्या टोकाला, पंधरा-वीस फुटांवर, तीन दगडांच्या चुलीवर चहा ठेवलेला होता. ते म्हणाले, "जाळ माझ्याकडून गेला नाही, चुलीकडून माझ्याकडे आला."

आम्हाला प्रथम हे अतिशयोक्तीचे वाटले. पण ते बरोबर सांगत होते.

पेट्रोल म्हणून जे पातळ आपण पाहतो ते स्वतः जळत नाही. जळते ती त्याची वाफ. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. वर उडून न जाता ती जमिनीलगत उतारावर वाहते, सरीतून पाणी जावे तशी. वारा पडलेला असेल तर सरीच्या खालच्या टोकाला जाऊन साचते. तिथे चूल, विडीचे थोटूक, मोटरच्या स्टार्टरची ठिणगी, काही भेटले की जाळ उलट्या दिशेने जिथून वाफ निघाली तिथपर्यंत धावत येतो. माणसाला दिसायच्या आत.

आता या सभासदाची चूक निष्काळजीपणाची होती असे आम्ही म्हणणार नाही. चूक सवयीची होती. वयाच्या पंधराव्या वर्षापासून त्यांनी विहिरीवरचे ऑईल इंजिन चालवले, पुढे ट्रॅक्टर घेतला. चाळीस वर्षे डिझेल हाताळले. डिझेलचे हात धोतराला पुसले, डिझेलने पाने-पक्कड धुतली, डिझेलच्या डब्याशेजारी बसून विडी ओढली. काही झाले नाही. आपल्या सगळ्या पिढीचे असेच आहे. इंधन म्हणजे डिझेल, आणि डिझेल म्हणजे जरा वास येणारे तेल. गेल्या काही वर्षांत मात्र पॉवर वीडर, ब्रश कटर, पाठीवरचा फवारणी पंप, झाडे कापायची करवत अशी लहान लहान पेट्रोल यंत्रे घरोघर आली. यंत्र नवे आले, हात जुनेच राहिले.

दोन्हींतला फरक आकड्यांत सांगतो. इंधनाची वाफ ठिणगीने पेट घेईल इतकी निघू लागते, त्या तापमानाला त्याचा ज्वलनबिंदू म्हणतात. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या डिझेलचा ज्वलनबिंदू किमान ३५ अंश सेल्सिअस असावा अशी मानकाची अट आहे. पेट्रोलचा शून्याच्या खाली सुमारे ४० अंश असतो. म्हणजे डिसेंबरच्या पहाटे, पाटाच्या पाण्यात हात घालवत नाही अशा थंडीतही पेट्रोलची वाफ पेटायला तयारच असते. त्याला तापवावे लागत नाही.

डिझेल म्हणजे अगदी गाय, असेही समजू नका. ३५ अंश ही काही मोठी मजल नव्हे. मे महिन्यात उन्हात ठेवलेला कॅन त्याच्या पलीकडे जातो. शिवाय एक उलटी गोष्ट आहे. नुसत्या तापलेल्या लोखंडावर, ठिणगीशिवाय, डिझेल पेट्रोलपेक्षा लवकर पेट घेऊ शकते. त्यामुळे तापलेल्या सायलेन्सरवर डिझेल गळणे आणि त्याच सायलेन्सरला पाचट अडकलेले असणे, हा योग गळीत हंगामात वाईटच. आणि डिझेलच्या कॅनमध्ये तळाशी थोडे पेट्रोल राहिले असेल तर ते सगळेच डिझेल पेट्रोलच्या स्वभावाचे होते. डिझेलचा डबा कायम डिझेलचा आणि पेट्रोलचा पेट्रोलचा ठेवावा. रंग देऊन मोठ्या अक्षरांत नाव लिहावे. घरातल्या लेकरालाही वाचता आले पाहिजे.

डब्याचा विषय निघालाच आहे तर तो नीटच घेऊ, कारण निम्मा धोका डब्यात आहे.

जुन्या मंडळींना रॉकेलचा पत्र्याचा चौकोनी डबा आठवत असेल. चार गॅलनचा, म्हणजे सुमारे १८ लिटरचा. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज फौजांनी उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात पेट्रोल न्यायला जवळजवळ असलेच पातळ पत्र्याचे डबे वापरले. खडकाळ रस्त्यावर ट्रकमध्ये डबे एकमेकांवर आपटत, शिवण उकले आणि मुक्कामाला पोहोचेपर्यंत बरेचसे पेट्रोल वाळूत नाहीतर ट्रकच्या तळात गेलेले असे. सैनिक शेवटी त्या डब्यांच्या चुली करून चहा उकळत. आपल्या मराठा पलटणींचे जवानही त्या वाळवंटात होते. १९४२ साली तोब्रुक पडले तेव्हा मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण तिथेच होती. जर्मनांकडे मात्र २० लिटरचा निराळा डबा होता, तो त्यांनी युद्धाच्या आधी १९३० नंतरच्या दशकात तयार करून घेतला होता. इंग्रजांनी तो पकडला, पाहिला आणि मुकाट्याने त्याची नक्कल केली. जर्मनांना ते चिडवून 'जेरी' म्हणत, म्हणून तो जेरीकॅन. पुढे जीपच्या पाठीला लावलेला आपण पाहिला तो हाच.

त्यात एवढे काय होते? जाड पत्र्याचे दोन दाबलेले भाग एकमेकांना वेल्डिंगने जोडलेले, त्यामुळे उकलायला शिवणच नाही. बाजूंना खळगे दाबलेले, त्यामुळे पत्रा फुगायला-आकसायला मोकळा. झाकण फिरकीचे नव्हे, खटक्याचे, त्यामुळे हरवत नाही आणि अर्धवट बसत नाही. ओतताना आत हवा जायला निराळी नळी, म्हणून गुडगुड उसळी नाही. वर तीन मुठी, म्हणजे दोन माणसांना भरलेला डबा दोहो बाजूंनी धरता येतो. आणि वरच्या कुबडाच्या जागी तोंडाच्या पातळीच्या वर हवा राहते, त्यामुळे डबा काठोकाठ भरताच येत नाही. हे शेवटचे फार महत्त्वाचे. पेट्रोल उन्हाने फुगते. २० लिटर पेट्रोल सकाळच्या गारव्यात भरले आणि दुपारी ते २५ अंशांनी तापले, तर ते जवळजवळ अर्धा लिटर वाढते. डबा गच्च भरलेला असेल तर त्या अर्ध्या लिटरने जायचे कुठे? ते झाकणातून बाहेर येते, नाहीतर डबा फोडते. म्हणून कोणताही डबा वरून चार बोटे रिकामा ठेवावा.

कायदाही याला धरूनच आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेले पेट्रोल ३० लिटरपर्यंत विनापरवाना बाळगता येते, पण ते घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनीमातीच्या किंवा धातूच्या भांड्यात. काच किंवा चिनीमातीचे भांडे एक लिटरपेक्षा मोठे नको, धातूचे २५ लिटरपेक्षा मोठे नको. यात पाण्याच्या बाटलीचे किंवा तेलाच्या कॅनचे नाव कुठेही नाही. पंपावरचा माणूस बाटलीत पेट्रोल द्यायला नकार देतो तेव्हा आपण त्याच्याशी हुज्जत घालतो, पण त्याच्या बाजूने बोलायला कारण आहे. खाद्यतेलाच्या कॅनचे प्लॅस्टिक पेट्रोलासाठी केलेले नसते. ते हळूहळू मऊ पडते, झाकणाचे वायसर सुजते, आणि काही महिन्यांनी कॅन उचलताना मूठच हातात येते. पत्र्याचा चांगला पाच किंवा दहा लिटरचा डबा एकदा घेतला की वर्षानुवर्षे टिकतो. बियाण्याच्या एका बॅगेला आपण किती मोजतो, त्याच्याशी तुलना करून पाहा.

डबा भरण्याची रीत. तो गाडीवर ठेवून, हँडलला लटकवून किंवा पिकअपच्या हौद्यात ठेवून भरू नये. खाली जमिनीवर ठेवावा आणि पंपाच्या नळीचे तोंड डब्याच्या तोंडाला टेकवून सावकाश भरावे. कारण असे की नळीतून पेट्रोल जोरात वाहताना वीज साठते, थंडीत घोंगडी झटकताना चटचट ठिणग्या उडतात तीच. डबा जमिनीवर असेल तर ही वीज जमिनीत उतरते. रबरी चटईवर किंवा प्लॅस्टिकच्या अस्तरावर ठेवलेल्या डब्यातून ती उतरत नाही, आणि नेमकी डब्याच्या तोंडाशी, वाफेतच, ठिणगी पडते.

आता गाडीवर नेण्याचे. मोटरसायकलवर डबा हँडलला अडकवणे हा सर्वांत वाईट प्रकार. वळताना हँडल ओढले जाते, डबा तापलेल्या इंजिनवर आपटतो, आणि पडलात तर पेट्रोल तुमच्याच अंगावर. मागे कॅरिअरला बाजूची पेटी असेल तर तीत, उभा, घट्ट बांधून, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला ठेवावा. दोघांच्या मध्ये मांडीवर धरून नेतात तेही आम्ही पाहिले आहे. त्यावर काय लिहावे?

चारचाकीत तर अधिक सांभाळावे. सरीतली वाफ निदान मोकळ्या हवेत असते. बंद काचांच्या गाडीत ती कुठे जाणार? हिशेब सांगतो. एक लिटर पेट्रोल पूर्ण उडाले तर त्याची सुमारे २०० लिटर वाफ होते, आणि हवेत दीड टक्का वाफ झाली तरी ती पेटू शकते. लहान गाडीच्या आतली जागा धरून चाला तीन घनमीटर. म्हणजे दोन कप चहाइतके पेट्रोल डिक्कीत गळले तर सगळी गाडी पेटण्याजोगी होते. डिक्कीत ठेवले म्हणजे वेगळे ठेवले असे वाटते, पण आजकालच्या लहान मोटारींची डिक्की आणि बसायची जागा यांत फक्त सीटची पाठ असते, हवा एकच. तेव्हा न्यायचेच झाले तर पाच लिटरपेक्षा जास्त नको, पत्र्याचा डबा, उभा, जुन्या टायरमध्ये किंवा खोक्यात ठासून बसवलेला, काचा उघड्या, मुले गाडीत नकोत, आणि पोहोचल्याबरोबर बाहेर. गाडी उन्हात उभी करून लग्नाला जाऊ नये. खरे म्हणजे मोटारीसाठी जादा पेट्रोल जवळ बाळगण्याचे दिवस गेले. टाकी पाऊण खाली झाली की भरावी, हे सोपे. पिकअपचा उघडा हौदा सगळ्यांत बरा, फक्त डबा केबिनच्या पाठीला दोरीने बांधावा, मोकळा गडगडत ठेवू नये. एसटीत आणि रेल्वेत तर पेट्रोल नेऊच नका. आपल्याबरोबर पन्नास माणसे असतात.

ट्रॅक्टरवाल्यांची अडचण आम्ही समजतो. काट्यावर रांग लागलेली, रात्रीचे दोन वाजलेले, दोन ट्रॉल्या भरलेल्या, आणि डिझेल संपले तर इंजिन हवा धरते, मग नट सैल करून हवा काढत बसा. म्हणून ते कॅन बरोबर ठेवतात. ठेवावा, पण पायाशी मोकळा नको. ज्या बाजूला सायलेन्सर आणि बॅटरी नाही त्या बाजूला अँगलची चौकट करून तीत पट्ट्याने आवळून ठेवावा. ओतताना इंजिन बंद करावे आणि नरसाळे वापरावे. मोबाईलच्या उजेडात एका हाताने ओतू नये, विजेरी दुसऱ्याने धरावी.

आणि हा कॅन मुक्कामाला कोपीत नेऊन ठेवू नये. हे वाक्य आम्ही ठेकेदारांना, मुकादमांना आणि ज्यांच्या रानात टोळ्या उतरतात त्या सभासदांना उद्देशून लिहीत आहोत. चोरी होईल म्हणून ड्रायव्हर डिझेलचा कॅन रात्री कोपीत उशाशी घेतो. कोपी पाचटाची, बांबूची आणि वर प्लॅस्टिकच्या कागदाची. दाराशी चूल. आत लेकरे झोपलेली. अशी कोपी पेटली तर आतल्या माणसाला उठून दार शोधायलाही वेळ मिळत नाही. कॅनसाठी कोप्यांपासून शंभर पावलांवर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, कुलूप लावता येईल अशी पत्र्याची पेटी ठेवायला फार खर्च नाही. जागा सभासदाने दाखवावी, पेटी ठेकेदाराने करावी, असे आमचे मत आहे. यावरून वाद होतील हे माहीत असूनही लिहितो.

रिकाम्या डब्याबद्दल उलटा समज आहे. भरलेल्या डब्यात हवेला जागा कमी असते, रिकाम्यात वाफ आणि हवा यांचे नेमके मिश्रण असते. म्हणून रिकामा डबा किंवा जुनी टाकी वेल्डिंगला नेऊ नये. 'धुऊन आणलाय' हे पुरे नसते, शिवणीत राहिलेले पेट्रोल ज्योतीच्या उष्णतेने पुन्हा वाफ होऊन बाहेर येते. गळका डबा ठोकून चपटा करून भंगारात द्यावा, त्याचा कोंबड्यांच्या पाण्यासाठी किंवा धान्यासाठीही उपयोग करू नये.

साठवणीबद्दल थोडे. पेट्रोल लागेल तेवढेच आणावे, पंधरा दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये. इथे आपला, साखर कारखानदारीचा संबंध येतो. मळी आणि उसाच्या रसापासून होणारे इथेनॉल पेट्रोलात मिसळण्याचे पहिले प्रयोग २००१ साली झाले, त्यांतली मिरज आणि मनमाड ही दोन ठिकाणे आपल्या महाराष्ट्रातली. २००३ पासून नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले, २०२२ मध्ये ते १० टक्क्यांवर गेले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. आपल्या उसाला याचा आधार आहे हे सांगायला नको. पण इथेनॉलला पाण्याची ओढ असते. सैल झाकणाच्या डब्यात ते पावसाळी हवेतला ओलावा घेते, आणि पाणी जास्त झाले की इथेनॉल पाण्याला धरून तळाशी बसते. मग यंत्र सुरू होत नाही आणि आपण पेट्रोलात भेसळ आहे म्हणून पंपवाल्याला दोष देतो. झाकण घट्ट असले की हाही प्रश्न बराचसा सुटतो. इथेनॉल मिसळले म्हणून पेट्रोल कमी पेटते असे मात्र मुळीच नाही.

नळी लावून तोंडाने पेट्रोल किंवा डिझेल ओढण्याची पद्धत बंद करा. घोट पोटात गेला त्यापेक्षा थेंब श्वासात गेला तो वाईट, फुप्फुसाला सूज येते. कोणी प्यायलेच, विशेषतः लहान मुलाने बाटलीतले पाणी समजून घेतले, तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. उलटीबरोबर तेच इंधन पुन्हा श्वासनलिकेत जाते. तसाच दवाखान्यात न्या. हातपंपाची नळी बाजारात मिळते, किंमत फारशी नाही.

यंत्रात भरताना ते खाली ठेवावे, पाठीवर असताना दुसऱ्याने ओतू नये, आणि दहा मिनिटे गार होऊ द्यावे. ती दहा मिनिटे चहाची धरा, फक्त चूल वरच्या अंगाला नसली पाहिजे इतकेच नव्हे, खालच्या अंगालाही नको. सांडले तर यंत्र तिथून ढकलत नेऊन लांब सुरू करावे.

पेट घेतलाच तर पाणी ओतू नका, पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरते. माती टाका, ओले पोते झाका. अंगावरचे कपडे पेटले असतील तर पळू न देता खाली लोळवा, घोंगडीत गुंडाळा. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे गार पाणी सोडत राहा. हळद, शाई, टूथपेस्ट यांपैकी काही लावू नका. आमच्या त्या सभासदाच्या हाताला शेजाऱ्याने चांगल्या मनाने टूथपेस्ट चोपडली होती. ती काढताना डॉक्टरांना वेळ लागला आणि त्यांना काय सोसावे लागले ते त्यांच्याच तोंडून ऐकावे.

त्यांचे हात आता बरे आहेत. उजव्या हाताची दोन बोटे पूर्ण मिटत नाहीत, विळा धरता येत नाही. पॉवर वीडर मुलगा चालवतो. पत्र्याचा दहा लिटरचा डबा, हातपंपाची नळी आणि जाळीचे नरसाळे असा संच त्यांनी स्वतः शोधून आणला आहे. तसाच एक संच शेतकी खात्याने प्रत्येक गट ऑफिसात पाहण्यासाठी ठेवला आहे. स्लिपबॉयला विचारले म्हणजे तो दाखवील.